गोल न मारणाऱ्या मुलीचे साडेनऊ कोटी

जानेवारी २०२५मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबने नेओमी गिर्मा या अमेरिकन खेळाडूला सॅन दिएगो वेव्ह संघाकडून घेतलं. रक्कम होती सुमारे ११ लाख डॉलर, म्हणजे आपले साधारण साडेनऊ कोटी रुपये. महिला फुटबॉलमध्ये एका खेळाडूसाठी दहा लाख डॉलरच्या वर पैसे मोजले गेले ते तेव्हा पहिल्यांदा. बातमी मी कट्ट्यावर वाचून दाखवली. पहिला प्रश्न आला, "गोल किती मारलेत तिनं?" म्हटलं, ती स्टॉपर आहे, म्हणजे मागे राहून बचाव करणारी, गोल मारणं हे तिचं काम नव्हे. कट्टा दोन घोट चहा होईपर्यंत गप्प होता. मग एकजण म्हणाला, "गोल मारत न्हाई आन् साडेनऊ कोटी?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आम्ही कोल्हापूरची माणसं, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर लहानाचे मोठे झालो. संघ पाटाकडील तालमीचा असो की शिवाजी तरुण मंडळाचा, सामना संपल्यावर पोरं खांद्यावर उचलतात ती गोल मारणाऱ्याला. ज्याने नव्वद मिनिटं मागचं दार लावून धरलं, तो बूट हातात घेऊन चालत घरी जातो. मग परदेशातला एक क्लब दार लावणाऱ्या मुलीसाठी विक्रमी पैसे का मोजतो?

आधी पैशांचा घोळ मिटवू

हे साडेनऊ कोटी गिर्माच्या खात्यात गेले नाहीत. ते तिच्या जुन्या क्लबला मिळाले. व्यावसायिक खेळाडूचा क्लबशी ठरावीक वर्षांचा करार असतो आणि मुदत संपायच्या आत तिला दुसरीकडे जायचं असेल तर नवा क्लब जुन्याला भरपाई देतो. याला ट्रान्सफर फी म्हणतात. पुण्यातल्या आयटीवाल्यांना हे लगेच कळेल. नोटीस पिरियड पुरा न करता जायचंय, तर नवी कंपनी जुन्या कंपनीचे पैसे भरून माणूस सोडवून घेते, तसंच हे. पगार वेगळा ठरतो.

म्हणून ट्रान्सफर फी ही मेहनतीची मजुरी नाही. ही खेळाडू आपल्याकडे नसेल तर आपलं किती नुकसान होईल, याचा नव्या क्लबने बांधलेला तो अंदाज आहे.

लेझीमची रांग आणि ऑफसाइड

गोलरक्षकाच्या पुढे बहुतेक संघांत बचाव करणाऱ्या चौघी, म्हणजे डिफेंडर, असतात. मधल्या दोघी सेंटर बॅक, ज्यांना आपल्याकडे जुने लोक अजून स्टॉपरच म्हणतात. कडेच्या दोघी फुल बॅक, म्हणजे आपल्या साइड बॅक. स्टॉपरचं काम मधला रस्ता बंद ठेवणं. साइड बॅकचं काम दुहेरी आहे. समोरच्या संघाच्या कडेने पळणाऱ्या खेळाडूला अडवायचं आणि संधी मिळाली की स्वतः कडेने धावत पुढे जाऊन चेंडू आत टाकायचा. एका सामन्यात सर्वांत जास्त उरस्फोड कुणाची होत असेल तर तिची.

आता ऑफसाइड. नियम ऐकायला किचकट वाटतो, पण मर्म सोपं आहे. आपल्या खेळाडूने चेंडू पुढे दिला त्या क्षणी, घेणारी प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात असेल, चेंडूच्या पुढे असेल, आणि तिच्यापुढे गोलरेषेपर्यंत समोरच्या संघाच्या निदान दोघी नसतील, तर ती ऑफसाइड. त्या दोघींतली एक सहसा गोलरक्षकच असते. म्हणजे प्रत्यक्षात सगळा हिशेब सर्वांत मागच्या डिफेंडरवर येतो. ती जिथे उभी आहे तिथून मैदानावर एक न आखलेली रेषा जाते. ती दोन पावलं पुढे सरकली की रेषा पुढे सरकते आणि मागे उभी राहिलेली फॉरवर्ड, म्हणजे समोरच्या संघाची गोल मारणारी, बाद ठरते.

पण चौघींनी एकदम सरकायला हवं. गणपतीच्या मिरवणुकीतली लेझीमची रांग डोळ्यांपुढे आणा. हलगीच्या एका ठेक्यावर सगळ्या एकत्र पाऊल टाकतात तोवर डोळ्यांचं पारणं फिटतं. एकीचं पाऊल चुकलं की ते हजार माणसांना दिसतं. इथे तेच होतं, फरक इतकाच की इथे हलगी नसते. ठेका स्टॉपर देते, तोंडाने ओरडून, नाहीतर हाताच्या इशाऱ्याने, आणि तेही चेंडूवरची नजर न काढता. उत्तम स्टॉपर नव्वद मिनिटं अखंड बोलत असते. टीव्हीवर ते आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून ती नुसती उभी आहे असं वाटतं.

न घडलेल्या गोष्टी मोजायच्या कशा?

गल्लीत सुटलेलं वासरू कधी धरलंय? अनाडी माणूस त्याच्यावर झेप घेतो आणि तोंडावर आपटतो. जाणता माणूस हात पसरून, जरा तिरका उभा राहून, त्याला हवी ती वाट बंद करतो आणि आपल्याला हवी ती मोकळी सोडतो. वासरू आपल्या पायांनी गोठ्यात जातं.

डिफेंडरही तशीच तिरकी उभी राहते. गुडघे वाकलेले, वजन पंज्यांवर, समोरचीपासून हातभर अंतर. पायात पाय घालायची घाई नाही. तिला कडेच्या रेषेकडे ढकलत न्यायचं, कारण ती रेषा ओलांडून चेंडू नेता येत नाही. समोरचीला कंटाळून चेंडू मागे द्यावा लागला की काम झालं. आकडेवारीच्या वहीत या दहा सेकंदांची नोंद काय होते? काहीच नाही. टॅकल, म्हणजे पाय घालून चेंडू काढणं, नाही, चेंडू हिसकावला नाही, गोल अडवला नाही. उलट जी चुकीच्या जागी उभी होती आणि मग घसरत जाऊन कसाबसा चेंडू काढला, तिच्या नावावर एक टॅकल चढतो, टाळ्याही पडतात. सामना संपल्यावर जिची चड्डी मातीने माखलेली नाही ती बहुतेक वेळा जास्त चांगली डिफेंडर असते, हे माझं मत मी कट्ट्यावर अनेकदा मांडून शिव्या खाल्ल्या आहेत.

महावितरणच्या लाइनमनची आठवण आपल्याला वीज गेल्यावरच येते. तसलाच हा मामला.

गिर्माकडे आता पुन्हा बघा. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या बचावाच्या मधोमध ती होती. सहा सामन्यांत अमेरिकेने फक्त दोन गोल खाल्ले. बाद फेरीचे तिन्ही सामने, जपान, जर्मनी आणि अंतिम फेरीत ब्राझील, अमेरिकेने १-० असे जिंकले. पुढच्या फळीने दर वेळी एकच गोल दिला आणि मागच्या फळीने तो पुरवला. सुवर्णपदक आलं. चेल्सीने पैसे मोजले ते या १-० मधल्या शून्यासाठी. आणि त्या वेळी अमेरिकेच्या प्रशिक्षक असलेल्या एमा हेज आधी बारा वर्षं चेल्सीच्याच प्रशिक्षक होत्या, तेव्हा चेल्सीला ही मुलगी काय चीज आहे हे कळायला वेळ लागला नसणार.

शिवाय आता स्टॉपरने चेंडू नुसता उधळून लावून चालत नाही. खेळाची सुरुवात तिच्यापासून होते. समोरच्या दोन-तीन खेळाडूंच्या मधून वाट काढणारा पास मागूनच निघावा लागतो, आणि गिर्माची खरी ख्याती त्याबद्दल आहे.

एक कारकीर्द जवळून: ल्युसी ब्राँझ

गिर्मा अजून तरुण आहे. डिफेंडरची अख्खी कारकीर्द कशी असते हे बघायचं तर इंग्लंडच्या ल्युसी ब्राँझकडे जायला हवं. ती राइट बॅक, म्हणजे उजवीकडची साइड बॅक. जन्म १९९१चा. आई इंग्लिश, वडील पोर्तुगीज. लहानपणीची काही वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न बेटावर गेली. या बेटाचा रस्ता भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो, आपल्या हाजी अलीसारखा.

पुढे अॅनिक गावात ती मुलांच्या संघातून खेळायची. बाराव्या वर्षाच्या सुमारास ते बंद झालं. ती कमी पडली म्हणून नव्हे. त्या वयानंतर मुलामुलींनी एकत्र खेळायचं नाही, असा तेव्हा इंग्लिश फुटबॉल संघटनेचा नियमच होता. मग जवळपास मुलींचा चांगला संघ नाही म्हणून लांब संडरलंडला जाणं आलं. २००९मध्ये ती अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाकडून खेळली आणि तिथली राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धा जिंकली. परत आल्यावर लीड्समध्ये शिकता शिकता पिझ्झाच्या दुकानात काम केलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण त्या काळात ती एव्हर्टनसारख्या मोठ्या नावाच्या क्लबकडून खेळत होती. इंग्लंडची महिला सुपर लीग सुरू झाली २०११मध्ये आणि ती पूर्णपणे व्यावसायिक झाली २०१८मध्ये. मधली सात वर्षं देशातल्या अव्वल लीगमधल्या कितीतरी खेळाडू दिवसा नोकरी किंवा कॉलेज आणि संध्याकाळी सराव अशाच जगत होत्या.

पुढची यादी मी भरभर सांगतो. लिव्हरपूलकडून लीगची दोन विजेतेपदं, मग मँचेस्टर सिटी. २०१७ला फ्रान्समधला लियोन क्लब आणि तिथे लागोपाठ तीनदा युरोपचं क्लब विजेतेपद. पुन्हा सिटी. मग बार्सिलोना, आणखी दोनदा युरोप. २०२४ला चेल्सी. २०१९मध्ये युरोपची सर्वोत्तम महिला खेळाडू आणि २०२०मध्ये फिफाची जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू. दोन्ही पुरस्कार मिळवणारी ती पहिली डिफेंडर.

इतक्या वेळा क्लब बदलणं म्हणजे चंचलपणा, असं कुणाला वाटेल. मला तो निव्वळ हिशेब वाटतो. फॉरवर्ड दुबळ्या संघातही चमकते, दहा गोल मारले की नाव होतं. डिफेंडर एकटी चमकूच शकत नाही. शेजारची स्टॉपर ढिसाळ असेल तर हिची रेषा कितीही सरळ असली तरी गोल बसणारच. डिफेंडरला मोठं व्हायचं तर चांगल्या संघात जाण्यावाचून पर्याय नसतो.

"मग तिने आपली जागा सोडून पुढे जायचंच कशाला?"

हा आक्षेप २० ऑगस्ट २०२३ला जगभर घेतला गेला. सिडनीत विश्वचषकाचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध स्पेन. एकोणतिसावं मिनिट. ब्राँझ उजव्या कडेवरून चेंडू घेऊन मैदानाच्या मध्यात शिरली, समोर तीन-चार जणी, तिने चेंडू गमावला. तिने सोडलेली उजवीकडची जागा मोकळी होती. स्पेनने दोन पासांत चेंडू तिथे पोहोचवला आणि धावत आलेल्या ओल्गा कार्मोनाने जमिनीलगत फटका मारून गोल केला. सामना १-०ने संपला.

आता गंमत बघा. कार्मोना स्पेनची लेफ्ट बॅक. म्हणजे तीही डिफेंडरच, तीही आपली जागा सोडूनच आली होती. एकीची धाव फसली, तिला खापर मिळालं. दुसरीची जमली, तिला विश्वचषक मिळाला. साइड बॅकने पुढे जाणं हा आगाऊपणा नाही, आजच्या खेळात तो तिच्या कामाचा भाग आहे. ती गेली नाही तर समोरच्या संघाला अडवायला कायम एक माणूस जास्त मिळतो. २०१५ आणि २०१९च्या विश्वचषकांत नॉर्वेला घरी पाठवणाऱ्या सामन्यांतले ब्राँझचे गोलही तिने असंच पुढे येऊन मारले होते. तेव्हा कुणी विचारलं नाही की ही इथे काय करतेय.

दोन वर्षांनी, जुलै २०२५मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या युरो स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी. स्वीडन २-०ने पुढे, अकरा मिनिटं उरलेली. तेहेतीस वर्षांच्या ब्राँझने मागच्या खांबापाशी डोक्याने पहिला गोल केला, दोनच मिनिटांत इंग्लंडने बरोबरी साधली. पुढे ती मैदानावर बसून स्वतःच्या हाताने मांडीला पट्टी गुंडाळताना दिसली. बरोबरी सुटली नाही, आणि पेनल्टी शूटआउट असा झाला की चौदापैकी नऊ जणी चुकल्या. इंग्लंडची शेवटची पेनल्टी ब्राँझने सगळा जोर लावून मारली आणि तोच फटका निर्णायक ठरला. अंतिम फेरीत स्पेनलाच हरवून इंग्लंडने चषक राखला. त्यानंतर तिने सांगितलं की आपण ही पूर्ण स्पर्धा नडगीचं हाड मोडलेलं असताना खेळलो.

यावर वाहवा करावी की तिला खेळू देणाऱ्यांना चार शब्द सुनवावेत, हे माझं अजून ठरलेलं नाही.

गुडघे, वय आणि बूट

डिफेंडरची कारकीर्द लांबते, असा समज आहे आणि तो बराचसा खरा आहे. वेग कमी झाला तरी खेळ वाचण्याची नजर वाढत जाते, आणि जी आधीच योग्य जागी उभी आहे तिला पळावं कमी लागतं. २०१५चा विश्वचषक अमेरिकेने जिंकला तेव्हा अंतिम सामन्यात मैदानावर उतरलेली क्रिस्टी रॅम्पोन चाळीस वर्षांची होती, दोन मुलींची आई. तीही डिफेंडर.

पण तिथवर पोहोचायला गुडघा शाबूत राहावा लागतो. गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड जागेवर धरून ठेवणारा एक बंध असतो, एसीएल म्हणतात त्याला. धावताना एकदम थांबून वळलं की त्यावर ताण येतो, आणि डिफेंडरचं तर निम्मं आयुष्य एकदम थांबून वळण्यातच जातं. हा बंध तुटला की शस्त्रक्रिया आणि पुढचे नऊ महिने, कधी वर्षही, मैदानाबाहेर. महिला खेळाडूंमध्ये ही दुखापत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळते. इंग्लंडची कर्णधार लीआ विल्यमसन, तीही स्टॉपर, याच दुखापतीमुळे २०२३चा विश्वचषक घरी बसून बघत होती. गिर्माही विद्यापीठात असताना यातून गेली आहे. ब्राँझच्या गुडघ्यावर तर एकाहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

बायकांचं शरीरच असं, हे उत्तर सोयीचं आहे. कंबरेची ठेवण, स्नायूंची ताकद, मासिक पाळीतले बदल या सगळ्यांचा अभ्यास चालू आहे. पण वर्षानुवर्षं पुरुषांच्या पायाच्या साच्यावर बेतलेले बूट, दुय्यम मैदानं, उशिरा मिळालेला व्यायामाचा प्रशिक्षक आणि वाढत चाललेले सामने, ही कारणंही त्याच यादीत आहेत. ती शरीराने दिलेली नाहीत.

"प्रेक्षकच नाहीत, तर पैसे कुठून येणार?"

कट्ट्यावरचा दुसरा हुकमी सवाल. मँचेस्टर युनायटेडने २०१९मध्ये हॅरी मग्वायर या स्टॉपरसाठी आठ कोटी पौंड मोजले. गिर्माची रक्कम नऊ लाख पौंडांच्या आसपास. जवळजवळ नव्वदपट फरक. बाजार आहे, गर्दी जिकडे पैसा तिकडे, असं म्हणून विषय संपवता येतो.

फक्त एक तारीख मध्ये येते. २६ डिसेंबर १९२०. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या महिला संघाचा सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लिश फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना बंदी घातली. हा खेळ बायकांना साजेसा नाही, असं कारण दिलं. बंदी उठायला जवळपास पन्नास वर्षं गेली. चालत्या दुकानाला पन्नास वर्षं कुलूप लावायचं आणि मग विचारायचं, गिऱ्हाईक का नाही? गिर्माचा विक्रम मात्र २०२५मध्येच मोडला गेला, तेही आधी जुलैमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये. मोडणाऱ्या दोघी पुढच्या फळीतल्या होत्या, हे सांगायला नको.

आपल्याकडे

भारतात महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली ती २०१६-१७च्या हंगामात. क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान ३ लाख २० हजार रुपयांचा करार द्यावा, असं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ठरवलं ते थेट २०२३मध्ये. महिन्याचे सत्तावीस हजारही होत नाहीत. मणिपूरची आशालता देवी या वातावरणात भारताची स्टॉपर म्हणून उभी राहिली आणि बरीच वर्षं कर्णधार होती. जुलै २०२५मध्ये भारताने थायलंडला त्यांच्याच चिआंग माईत २-१ने हरवून पात्रता सामन्यांच्या जोरावर पहिल्यांदा आशिया चषक गाठला. मथळ्यात नाव आलं दोन्ही गोल करणाऱ्या संगीता बासफोरचं, आणि ते यायलाच हवं होतं. दुसऱ्या गोलनंतरचा पाव तास थायलंडचे हल्ले ज्यांनी परतवले त्यांची नावं शोधायला मला बातमीच्या तळापर्यंत जावं लागलं.

नवी मुंबईतली ३० ऑक्टोबर २०२२ची संध्याकाळ मला यामुळेच आठवते. डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता, स्पेन विरुद्ध कोलंबिया. ८१ मिनिटं गोल नव्हता. कोलंबियाच्या पोरींनी रांग छान धरून ठेवली होती. ब्याऐंशीव्या मिनिटाला गोलसमोरच्या गर्दीत चेंडू कोलंबियाची डिफेंडर आना मारिया गुस्मान हिला लागून तिच्याच जाळ्यात गेला. सामना १-०. अख्ख्या अंतिम सामन्यात गोलच्या रकान्यात एकच नाव आलं, एका डिफेंडरचं, आणि त्याच्यापुढे 'स्वयंगोल'.

पुढच्या वर्षी जर्मनीच्या बायर्न म्युनिकने तिला करारबद्ध केलं. त्यांनी बहुधा उरलेली ८१ मिनिटंही बघितली होती.